रिकाम्या बंदुकीची दोन काडतुसे

मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. मित्रांनो, लगेच मागे सरू नका, मी रिकामी आहे. पण माझ्या शब्दावरही विसंबू नका. बंदूक रिकामी आहे असे कोणी सांगितले तरी ती उघडून स्वतः पाहावी, आणि तिची काडतुसे कुठे आहेत तेही पाहावे, असा माझ्या मालकांचा नियम आहे. त्या नियमाचा अर्धाच भाग लोकांच्या लक्षात राहिला, तर काय होते ते मी तुम्हाला सांगणार आहे.

सध्या मी घाटकोपरमधल्या एका पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, लोखंडी मांडणीच्या तिसऱ्या फळीवर आडवी पडून असते. पण सुरुवात जन्मापासून करते.

माझा जन्म दूर बिहारमधल्या मुंगेर गावचा. तिथे बंदुका घडवणाऱ्या कारागिरांची घराणी आहेत. माझ्या दोन नळ्या पोलादाच्या आणि दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. नळ्या आणि दस्ता यांच्यामध्ये एक बिजागरी आहे. तिच्यावर मला मधून वाकवून उघडता येते, आणि मी उघडी असताना कोणी कितीही चाप ओढला तरी बार उडत नाही. बघणाऱ्यांचे लक्ष नळ्यांकडे जाते. माझ्या कारागिराने मात्र सर्वांत जास्त वेळ त्या बिजागरीला दिला होता. तीन वेळा घासून, पुन्हा बसवून, त्याने ती अशी केली की उघडताना खळखळ नाही आणि मिटताना एकच स्वच्छ आवाज. माझ्या शरीरात मला अभिमान आहे तो त्या बिजागरीचा.

माझे मालक गुणाजी परब. सतरा वर्षे सैन्यात काढून ते मुंबईला आले, परवाना काढला आणि मला घ्यायला दुकानात आले. त्यांनी माझा नेम पाहिला नाही. मला फक्त उघडले आणि मिटले, उघडले आणि मिटले, दहा-बारा वेळा.

दुकानदार शेवटी म्हणाला, "साहेब, बंदूक घेताय की दरवाजा?"

"दरवाजाच," गुणाजी म्हणाले, आणि मी त्यांची झाले.

त्यानंतर एकोणीस वर्षे आम्ही घाटकोपरच्या एका बँकेच्या दारात उभे होतो. गुणाजींच्या कमरेला दहा खणांचा काडतुसांचा पट्टा असे. कामावर असताना त्यातली दोन काडतुसे माझ्यात आणि आठ पट्ट्यात. आईबरोबर आलेली मुले विचारत, "काका, खरी आहे का ही?" गुणाजी म्हणत, "खरी आहे. म्हणूनच हात लावायचा नाही." पेन्शन घ्यायला येणारे एक आजोबा तर मला पाहिल्याशिवाय आत जात नसत. आमच्या दारात कधी दरोडा पडला नाही. कोणी म्हणेल, मग तुझे काम ते काय? माझे काम तेच होते, मित्रांनो. एकोणीस वर्षांत मी बावीस बार काढले, आणि ते सगळे सरावाच्या मैदानावर, पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर. जिवंत प्राण्याच्या दिशेने एकही नाही. हा आकडा मी मान वर करून सांगते.

मुंबईची हवा पोलादाची वैरीण आहे. तिच्यात ओलावा असतो आणि मीठही असते, आणि ही दोन्ही एकत्र आली की पोलादाला गंज चढायला चार दिवस पुरतात. म्हणून दर रविवारी सकाळी नाहूरच्या घरी गुणाजी मला स्वच्छ करत. त्यांच्या पत्नी वनमाला स्टुलावर वर्तमानपत्र पसरून देत. त्या बालवाडीत शिकवतात. त्यामुळे त्यांना कोणतीही कृती ठरलेल्या क्रमाने झालेली आवडते, आणि गुणाजींचा क्रम कधी चुकत नसे. बिजागरी मोडायची, म्हणजे मला मधून वाकवून उघडायचे. दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड पाहायचा. काडतुसे असतील तर काढून शर्टाच्या डाव्या खिशात ठेवायची आणि खिशाचे बटण लावायचे. मग गजाला फडके गुंडाळून नळ्या पुसायच्या. घरी काय, बँकेत काय, हा क्रम एकच.

आता त्या मंगळवारकडे येते.

जानेवारी महिना होता. सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि बाहेर ऊनही फारसे नव्हते. तरी गुणाजींच्या तळहाताला घाम आला. माझ्या दस्त्याला तो मालकाच्याही आधी कळला. त्यांचा डावा हात जड झाला. श्वास आखूड येऊ लागला. दुसरा कोणी असता तर त्याने आधी छाती धरली असती. गुणाजींनी आधी मला मोडले. दोन्ही काडतुसे काढली, डाव्या खिशात टाकली आणि बटण लावले. त्याला दोन प्रयत्न लागले. मग त्यांनी मला भिंतीला टेकवून उभे केले आणि मगच ते खाली कोसळले.

हे सगळे माझ्याखेरीज कोणी पाहिले नाही.

बँकेचे शिपाई जयवंत धावत आले. ते मूळचे जालन्याकडचे आणि गुणाजींचे पंधरा वर्षांचे सोबती. दोघांचे जेवणाचे डबे एकाच टेबलावर उघडत. मॅनेजर बाईंनी रुग्णवाहिका बोलावली, गुणाजींचा पट्टा सोडवून तिजोरीच्या खोलीत ठेवला आणि माझ्याकडे बोट केले.

"जयवंत, ती पण आत ठेवा."

"मॅडम, ती बँकेची नाही ना. त्यांची स्वतःची आहे," जयवंत म्हणाले. "शुद्धीवर आला की गडी आधी बायकोला नाही, हिला विचारणार. मी घेतो बरोबर."

गडबडीत कोणी त्यांना अडवले नाही. जयवंतांनी मला उचलले, एका चादरीत गुंडाळले आणि रुग्णवाहिकेत मालकांच्या पायाशी ठेवले. मायेने केलेली चूक होती ती. पण मित्रांनो, चूक ती चूकच. माझा परवाना फक्त गुणाजींच्या नावावर आहे. दुसऱ्या कोणीही मला घेऊन एक गल्लीदेखील ओलांडणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

रुग्णालयाच्या दारात जयवंत चादर सावरत उतरले. तिथल्या राखणदाराच्या हातात फक्त काठी होती. त्याने चादरीतून डोकावणाऱ्या नळ्या पाहिल्या आणि तो जागच्या जागी थिजला.

"ओ भाऊ, पेशंट आणलाय की लढाईला चाललाय?"

"पेशंटचीच आहे. सरक ना यार, जीव जातोय त्याचा."

गुणाजींना आत नेले. जयवंत मला घेऊन मागोमाग निघाले, तेव्हा अपघात विभागातल्या डॉक्टर अनुपमा यांनी हात आडवा केला. त्या तरुण होत्या, पण त्यांचा आवाज जराही चढला नाही.

"तिचं तोंड त्या रिकाम्या कोपऱ्याकडे करा. आता तिथेच उभे राहा आणि कोणालाही हात लावू देऊ नका. ड्यूटीवरच्या हवालदारांना बोलवा."

मग त्या पडद्याआड गेल्या. पडद्यापलीकडून मला कात्रीने कापड कापल्याचा आवाज ऐकू आला. तो गुणाजींचा खाकी शर्ट होता. त्यांना उलटी झाली होती, सुईच्या जागेचे रक्त लागले होते, आणि छातीवर यंत्राच्या तारा लावायला शर्ट सोडवण्याइतका वेळ नव्हता. थोड्या वेळाने चंपा नावाच्या आया पडद्याबाहेर आल्या आणि हातातला गोळा पिवळ्या पिशवीत टाकून निघून गेल्या. रुग्णालयात रक्ताने किंवा उलटीने भरलेले कापड पिवळ्या पिशवीत जाते. तिथून ती पिशवी गाडीत, आणि गाडीतून शहराबाहेरच्या भट्टीत.

हवालदार नंदकुमार आले. पन्नाशीचे, जाड चष्म्याचे. त्यांनी मला चादरीतून काढले, मोडले आणि खिडकीकडे धरून दोन्ही नळ्यांतून पाहिले.

"रिकामी आहे," ते मोठ्याने म्हणाले, आणि त्या दालनातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. राखणदार हसला. जयवंत मटकन बाकावर बसले.

माझा जीव मात्र टांगणीला लागला. बंदूक रिकामी आहे याचा अर्थ काडतुसे दुसरीकडे कुठेतरी आहेत. ती कुठे आहेत हे तिथे फक्त मला ठाऊक होते, आणि मला बोलता येत नव्हते.

भट्टीत काय झाले असते, ते मी मोजून-मापून सांगते. नळीबाहेर फुटलेले काडतूस छर्रे लांब फेकत नाही, कारण त्याला दाबून धरणारे काही नसते. पण दारू पेटते, आवरण फाटते आणि पितळी बूड उडते. भट्टीच्या तोंडाशी पिशव्या टाकणारा माणूस उभा असतो. पितळेचा तेवढा तुकडा त्याचा डोळा घ्यायला पुरेसा आहे. म्हणजे ज्या बंदुकीने एकोणीस वर्षांत कोणाला ओरखडा काढला नाही, तिच्या काडतुसाने एका अनोळखी कामगाराला आंधळे केले असते. आणि आत शुद्ध हरपून पडलेल्या गुणाजींच्या नावापुढे निष्काळजी असा शेरा लागला असता.

नंदकुमार जयवंतांकडे वळले. "गोळ्या कुठे आहेत?"

"पट्ट्यात असतील ना साहेब. पट्टा बँकेत आहे."

नंदकुमारांनी बँकेत फोन लावला. मॅनेजर बाईंनी पट्टा पाहून सांगितले, दहा खण आहेत, आठ भरलेले आहेत. नंदकुमारांनी फोन खाली ठेवला आणि चष्मा पुसला.

"दोन कमी आहेत. जयवंतराव, तुम्ही काढल्यात?"

"मी? साहेब, मला तर ती उघडते कुठून तेही माहीत नाही."

"आणि तरी तिला घेऊन अर्धं घाटकोपर फिरलात."

जयवंतांचा चेहरा उतरला. तेवढ्यात वनमाला आल्या. बालवाडीतून तशाच निघाल्या होत्या, बोटांना अजून खडूची पावडर होती. आधी त्या पडद्याआड जाऊन आल्या. मालकांना गुंगीचे औषध दिले होते, हृदयाच्या बंद नळीची तपासणी व्हायची होती. त्या बाहेर आल्या तेव्हा नंदकुमार त्यांच्याशी जरा चाचरतच बोलले.

"वहिनी, वेळ वाईट आहे, पण विचारावं लागतंय. दोन काडतुसं मिळत नाहीत. तुम्हाला काही कल्पना?"

वनमालांनी क्षणभरही विचार केला नाही. "शर्टाच्या डाव्या खिशात. बटण लावलेलं असेल."

"पाहिल्याशिवाय कसं सांगता?"

"तेंची सवय आसा ती. बंदूक मोडली की दोन्ही खिशात, आणि बटण. घर पेटलं तरी आधी बटण लावतील." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "शर्ट खंय?"

शर्ट कुठे, हे चंपांना विचारावे लागले. त्या बादली घेऊन येत होत्या. त्यांनी ती खाली ठेवली.

"कापलेला शर्ट? तो पिवळ्या पिशवीत टाकला की मी. घाण झाला होता." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "खिशात कायतरी टणक हाताला लागलं होतं. दोन गोल-गोल. मला वाटलं ब्याटरीचे सेल असतील."

"पिशवी कुठाय?"

"खाली गेली. गाडी एकला सुटती."

भिंतीवरच्या घड्याळात एकला सहा मिनिटे होती.

चंपा धावत सुटल्या. त्यांच्यामागे वनमाला, त्यांच्यामागे जयवंत. नंदकुमारांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मला तिथे एकटी सोडता येत नव्हते, म्हणून त्यांनी मला उघड्या अवस्थेतच हातावर आडवी घेतली आणि तेही धावले. त्यामुळे पुढचे सारे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. जिन्यावरची माणसे भिंतीला चिकटली. नंदकुमार धापा टाकत म्हणत होते, "घाबरू नका, मोडलेली आहे, मोडलेली आहे." एका पेशंटने शेजारच्याला विचारले, "मग दुरुस्तीला चाललेत का?"

मागच्या अंगणात गाडीचे दार लावले जात होते. ड्रायव्हरने हात हलवला. "मावशी, नाय हां. वजन झालं, चिठ्ठी लागली. बंद पिशवी उघडायचा नियम नाय."

"नियम बरोबर आहे," वनमाला म्हणाल्या. बालवाडीतल्या मुलाशी बोलावे तशा, हळू आणि स्पष्ट. "पण तिच्यात दोन जिवंत काडतुसं आहेत. भट्टीवर जो माणूस असतो, त्याला तुम्ही ओळखता का?"

ड्रायव्हरने हात खाली घेतला. "विशाल असतो," तो म्हणाला. "माझा मेव्हणा लागतो." आणि त्याने स्वतःच दार उघडले.

नंदकुमारांनी डॉक्टर अनुपमा यांना फोन करून परवानगी घेतली. त्यांची एकच अट होती. पिशवी चंपाच उघडतील, जाड हातमोजे घालून, बाकीचे दूर राहतील. पण गाडीत एकसारख्या अठरा पिवळ्या पिशव्या होत्या, सगळ्या वॉर्डांच्या, आणि पहिल्या तीन चिठ्ठ्यांवरची शाई ओलाव्याने फुटली होती.

"चिठ्ठी कशाला पायजे," चंपा म्हणाल्या. "माझी गाठ मी वळखते." माहेरी शेतात ज्वारीच्या पेंढ्या बांधताना जशी पीळ देऊन गाठ मारायची, तशीच त्या रुग्णालयात पिशव्यांना मारत. इतर आया साधी गाठ मारत. त्यांनी पिशव्या हलक्या हाताने बाजूला केल्या आणि सहाव्या पिशवीवर त्यांचा हात थांबला. गाठ सोडली. वर पट्ट्या होत्या, कापूस होता, आणि त्याखाली खाकी शर्टाचा चोळामोळा.

डावा खिसा शाबूत होता. बटण लावलेले होते.

चंपांनी ते सोडवले आणि दोन लाल काडतुसे नंदकुमारांनी मागवून ठेवलेल्या ट्रेमध्ये ठेवली. मग त्यांनी पिशवी पुन्हा तशीच बांधली, तीच गाठ. हातमोजे काढून त्या नंदकुमारांकडे वळल्या.

"साहेब, माझी नोकरी जाईल का?" त्यांनी विचारले. "हाताला लागलं होतं मला. मी बघितलं नाय."

वनमाला पुढे झाल्या. "तुमच्या लक्षात राहिलं म्हणून सापडलं. आणि खरं सांगितलंत. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, मला काही माहीत नाही."

"हे मी लिहून घेतो," नंदकुमार म्हणाले.

त्यांनी पंचनामा लिहिला. बंदूक एक, रिकामी. काडतुसे पट्ट्यात आठ, मृताच्या... इथे त्यांनी पेन थांबवून तो शब्द खोडला आणि 'रुग्णाच्या' असे लिहिले. सवयीने चुकलो, असे ते वनमालांना म्हणाले. वनमालांनी मान डोलावली, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. रुग्णाच्या खिशात दोन. एकूण दहा. परवान्याशी आकडा जुळला. जयवंतांनी मला विनापरवाना नेले हेही त्यांनी लिहिले, काही लपवले नाही. ठाण्यातल्या मोठ्या साहेबांनी जयवंतांना बोलावून कडक समज दिली. पुढच्या वेळी काय करायचे तेही सांगितले. शस्त्र असेल तिथेच कुलपात ठेवायचे, स्वतः दारापाशी थांबायचे आणि पोलिसांना फोन करायचा. जयवंत म्हणाले, "साहेब, पुढची वेळ नको." साहेबही हसले.

वनमालांच्या हातात माझी पावती आली आणि मी मालखान्यात आले.

मित्रांनो, इथले दिवस सोपे नव्हते. माझ्या डाव्या हाताला गंजलेले कोयते आहेत, उजव्या हाताला चोरीचे मिक्सर. सगळ्यांच्या गळ्यात लेबले आहेत आणि त्यावर गुन्ह्यांचे क्रमांक. माझ्या लेबलावर फक्त 'सुरक्षित ठेव' असे लिहिले आहे. सुरुवातीला ते कोयते मला विचारत, तू काय केलेस? मी म्हणे, काही नाही. ते म्हणत, सगळे असेच म्हणतात. फेब्रुवारीत माझ्या नळीवर एक तांबूस ठिपका उठला. नंदकुमारांनी दयाबुद्धीने मला खोबरेल तेल चोळले. त्यांचा हेतू चांगला होता, पण ते तेल चिकट होऊन त्यावर धूळ बसली. मी तक्रार करत नाही. इतक्या दिवसांनी कोणी तरी हात फिरवला, तो मी लक्षात ठेवला आहे.

गुणाजी बरे झाले. बंद झालेली नळी उघडून आत एक छोटी जाळी बसवली आहे, असे त्यांनी नंदकुमारांना सांगितले. नळी स्वच्छ ठेवण्याचे महत्त्व त्यांना मी सांगायला नको. महिन्यातून एकदा ते ठाण्यात येतात. अधिकारी समोर असताना मला मोडून दोन्ही नळ्यांतून उजेड पाहतात आणि परत देतात. ते पुन्हा बँकेच्या दारात उभे राहतील की परवाना परत करतील, हे डॉक्टर ठरवतील. मी वाट पाहू शकते. पोलादाला घाई नसते.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी बंदूक नसेल. पण प्रत्येकाच्या घरी अशी एखादी वस्तू असते, जिला फक्त एकच माणूस हाताळतो. गॅसच्या टाकीवरचा खटका असेल, आजोबांच्या इन्सुलिनच्या सुया असतील, गच्चीवरच्या मोटारीची तार असेल. तो माणूस एक दिवस अचानक आजारी पडू शकतो. त्याची वस्तू सुरक्षित कशी करायची, तिचा दुसरा भाग कुठे असतो आणि कोणाला बोलवायचे, हे आजच त्याला विचारून ठेवा. माया असली तरी वस्तू उचलून पळू नका. आणि हाताला काही टणक लागले, तर पाहा.

मागच्या महिन्यात गुणाजी रुग्णालयात तपासणीला गेले होते. ती हकीकत त्यांनी इथल्या टेबलाशी बसून नंदकुमारांना सांगितली, म्हणून मलाही ऐकू आली. रुग्णालयाच्या अर्जात आता एक नवा रकाना आहे. 'रुग्णाजवळ शस्त्र, काडतूस किंवा धोक्याची वस्तू आहे का?' हा प्रश्न विचारायचे काम चंपांकडे दिले आहे, आणि त्या कोणालाही सोडत नाहीत. गुणाजींच्या पुढे नव्वदीच्या एक आजी होत्या. त्यांनी कनवटीतून अडकित्ता काढून दिला. चंपांनी तो कागदात गुंडाळून, नाव लिहून, कपाटात ठेवला आणि कपाट बंद केले.

मग गुणाजींची पाळी आली. चंपांनी त्यांना ओळखले, हसल्या, वहिनी कशा आहेत ते विचारले. आणि त्याच दमात म्हणाल्या, "काका, शस्त्र, काडतूस काय हाय का जवळ?"

"नाही," गुणाजी म्हणाले.

"खिसे दाखवा."

सतरा वर्षांचा सैनिक आणि एकोणीस वर्षांचा पहारेकरी त्या बाईंपुढे ताठ उभा राहिला. त्यांनी शर्टाच्या खिशाचे बटण सोडले आणि खिसा उलटा करून दाखवला. चंपांनी वाकून नीट पाहिले, मग पेन उचलून 'नाही' असे लिहिले.

"ओळखत असूनही तपासलं?" नंदकुमारांनी विचारले.

"तपासलं," गुणाजी म्हणाले. "आपल्या पलटणीत असती तर मी तिला दारावर उभी केली असती."